तसबीर कुठल्या भिंतीची

बुऱ्हाणपुरात सगळ्यात जास्त खपलेली बाई म्हणजे मुमताज महल. हे मी फ्रेमवाल्याच्या हिशेबानं सांगतोय, इतिहासकाराच्या नाही. हातात गुलाब, डोक्याला तुरा, गळ्यात मोत्यांचे सर आणि नजर जराशी तिरकी. १७ जून १६३१ रोजी ती आमच्या गावात बाळंतपणात गेली, तापीपलीकडे झैनाबादच्या बागेत सहाएक महिने तिची कबर होती आणि मग तिला आग्र्याला नेलं, एवढं इथल्या टांगेवाल्यांनासुद्धा पाठ. पण ती दिसायची कशी? समोर बसवून काढलेलं तिचं खात्रीचं असं एकही चित्र नाही. त्यामुळे छापणाऱ्यांना रान मोकळं. १९६३ साली 'ताजमहल' सिनेमा आला, त्यात बीना राय मुमताज झाली. पुढच्या दोन-तीन वर्षांत दुकानात येणाऱ्या गठ्ठ्यांतली मुमताज पाहता पाहता बीना रायसारखी दिसायला लागली. आप्पा म्हणायचे, "बाई मेली इथं, पुरली आग्र्याला, आणि तोंड मुंबईचं."

आप्पा म्हणजे माझे वडील. शनवाऱ्याकडे आमचं तसबिरी मढवायचं दुकान होतं. पुढे एक लांब टेबल, त्यावर गोणपाट, गुण्या, करवत आणि काच कापायची हिरकणी; मागे पट्ट्यांचे भारे. गिऱ्हाईक कागदाची सुरळी उलगडायच्या आत आप्पा विचारत, "लावायची कुठं?" मला लहानपणी वाटे, ही निव्वळ बोलायची रीत. पुढे कळलं, सगळा धंदा त्या प्रश्नावर. देवघरात लावायची असेल तर सागवानी पट्टी, जाड पुठ्ठा, वर जरीचं काम. बैठकीत लावायची असेल तर काळी पट्टी आणि आतून सोनेरी कड. आणि सलून, पानाचा ठेला, लूमचा कारखाना असली जागा असेल तर आंब्याच्या लाकडाची स्वस्त पट्टी, पातळ काच. काही जण तर काचही घेत नसत.

जरीच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते आमच्या गावाचंच. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी तावेर्निए इथून गेला. इथली तलम मलमल इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जाते, असं त्यानं लिहून ठेवलंय. सोन्या-चांदीची तार ओढणारे तारकश इथं पिढ्यान्‌पिढ्या होते. मोगलाई गेली, गिऱ्हाईक आटलं, तरी उरलीसुरली जर संपत नव्हती. ती देवांच्या छापील चित्रांवर चढली. आमच्या घरी हे काम आत्या करायची. मैद्याची खळ शिजवताना त्यात मोरचुदाची कणी टाकायची, म्हणजे कसर लागत नाही. लक्ष्मीच्या साडीची बाह्यरेषा पात्यानं अलगद चिरून खालून बोटभर कापूस सारायचा, की पदर फुगून वर यायचा. मग काठावर कलाबतू, मुकुटाला टिकल्या, कमरपट्ट्याला सलमा. तोंडाला हात लावायचा नाही. चेहरा छापलेला असेल तसाच राहायचा आणि बाकी अंग मखमलीत बुडायचं. दोन दिवस पाटाखाली दाबून ठेवल्यावर ती बाई देवी व्हायची.

चेहऱ्याला हात लावायचा नाही, ही बारीकशी गोष्ट. पण तो चेहरा कुणाचा?

राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. त्या चित्रांसाठी कुणीतरी तासन्‌तास समोर बसलेलं असतं. गायिका अंजनीबाई मालपेकर तरुणपणी त्यांच्यापुढे बसत. याच अंजनीबाईंना १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळाली, आणि ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण चित्रासाठी समोर बसणाऱ्या बाईचं नाव तसबिरीखाली कधी छापत नाहीत. खाली छापखान्याचं नाव, कोपऱ्यात चित्रकाराची सही. रणजित देसाईंनी रविवर्म्यांवर कादंबरी लिहिली, तिच्यावरून केतन मेहतांचा 'रंगरसिया' निघाला. तिथंही गोष्ट चित्रकाराचीच, मॉडेल त्याच्या आयुष्यात आलेली बाई. सिनेमा देखणा आहे, पण फ्रेमवाल्याच्या पोराला त्यातनं नवं काही कळलं नाही.

सिनेमाआधी बायांची चित्रं आमच्याकडे कापडाबरोबर यायची. कापडाच्या ताग्यावर मिलचं रंगीत लेबल चिकटवलेलं असे: कधी राधा, कधी आरशात बघणारी, कधी हातात पोपट घेतलेली. लालबागला १९०६ साली ताप्ती मिल निघाली आणि खानदेश-वऱ्हाडातून मराठी माणूस इथं कामाला आला. आमचे आजोबा त्यातलेच. मिलच्या चाळीत खोलीला एकच भिंत मोकळी असायची. तीवर वरच्या बाजूला विठ्ठल आणि खाली, अंथरुणाच्या उंचीला, ताग्यावरची बाई. लेबल ओलं करून अख्खं सोडवणं हे कौशल्याचं काम होतं आणि ते जमणाऱ्याला चाळीत मान होता.

मग सिनेमा आला, तोही रेल्वेनं. आमचं गाव मध्य प्रदेशात, पण सिनेमाच्या नकाशात आम्ही भुसावळचे. 'सी.पी.-बेरार' नावाची वितरणाची जी सर्किट होती तिचा मोठा कारभार भुसावळातून चाले. तिथून पत्र्याच्या पेटीत रिळं यायची आणि सोबत पोस्टरं, शोकेसमध्ये लावायचे फोटो, गाण्यांची चोपडी. खेळ उतरला की पेटी परत. शोकेसमधले दोन-चार फोटो मात्र वाटेत हरवायचे. ते कुठं हरवायचे ते आमच्या दुकानाला ठाऊक. खंडव्याच्या वकिलाचा मुलगा अशोककुमार बॉम्बे टॉकीजचा हिरो झाल्यापासून तर सिनेमा म्हणजे शेजारच्या गल्लीतला मामला वाटायला लागला होता.

त्या फोटोंतल्या बऱ्याच बाया मराठी होत्या, हे आज कुणाच्या लक्षात येत नाही. १९३८ साली मास्टर विनायकांच्या 'ब्रह्मचारी'त मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरली. लिहिणारे आचार्य अत्रे, तेव्हा गाजावाजा होणारच होता. तिचं मूळ नाव रतन पेडणेकर. १९४१ साली लीला चिटणीस लक्सच्या जाहिरातीत आल्या. त्या साबणावर आलेली पहिली हिंदी नटी ती. पदवीधर बाई, पण भिंतीवर पदवी दिसत नाही. 'फिल्मइंडिया'ची मुखपृष्ठं एस. एम. पंडित रंगवत. १९५१ साली 'लाइफ'च्या जेम्स बर्कनं बेगम पारा आणि मधुबालाचे फोटो काढले आणि त्या थेट अमेरिकेपर्यंत पोचल्या. ते 'लाइफ' आमच्या गावात कुठून येणार? आमच्याकडे चालत ते दलाल आणि मुळगावकर. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'चं मुखपृष्ठ कापून आणणारे गिऱ्हाईक दर कार्तिकात ठरलेले. रघुवीर मुळगावकर फवाऱ्याच्या ब्रशनं रंगवत. गाल असा गुळगुळीत की काच घालायची गरज वाटू नये. दोघेही गोव्याकडचे, दोघेही देव काढायचे आणि बायाही. मुळगावकरांचे दत्त, राम, शंकर देवघरात आणि त्यांचीच सुंदरी सलूनमध्ये. त्यात 'आवाज'च्या दिवाळी अंकाची ती खिडकीवाली चित्रं. पान बंद असताना काहीतरी भलतंच दिसायचं आणि उघडलं की बाई साधी गवार मोडत बसलेली. ते मढवता येत नसे. एकानं मात्र हट्टानं बिजागरी लावून मढवून घेतलं; त्याचं नाव मी आजही सांगणार नाही.

आप्पांचा नियम होता: देवघराच्या तसबिरी समोर टांगायच्या, सलूनच्या आतल्या बाजूला. आतल्या बाजूच्या तसबिरी बायका विकत घेत नसत, त्यांच्याकडे बघतही नसत, निदान दुकानात तरी. पण एक चेहरा दोन्हीकडे होता, आणि त्यानं आप्पांचा नियम बिघडवला. ती हंसा वाडकर.

१९४१ साली 'प्रभात'नं 'संत सखू' काढला. दामले-फत्तेलालांचा, राजा नेनेही दिग्दर्शनात. सखू झाली हंसाबाई. 'प्रभात'च्या संतांचं काय व्हायचं ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १९३६ च्या 'संत तुकाराम'मधले विष्णुपंत पागनीस इतके तुकाराम झाले की लोक त्यांचाच फोटो देवात ठेवू लागले. आजही कॅलेंडरावर तुकाराम म्हणून दिसतो तो बहुतेक त्यांचाच चेहरा. गंमत अशी की पागनीस नाटकात स्त्रीभूमिका करून नावारूपाला आलेले. तशीच आमच्याकडे एक म्हातारी सखूचा फोटो घेऊन आली: पदर डोक्यावरून, हात जोडलेले. आत्यानं जर लावली. मग १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' आला. तीच हंसाबाई, पायात चाळ. मराठीत तमाशापटांची लाट त्या सिनेमापासून सुरू झाली, आणि त्यातला तिचा फोटो आला सलूनसाठी. आप्पा सांगायचे, एका भिंतीला ती हात जोडून आणि दुसऱ्या भिंतीला कमरेवर हात ठेवून, मध्ये मी बसलेला.

तिचं खरं नावही रतनच. रतन साळगावकर, जन्म १९२३. घराण्याचं नाव पडद्यावर नको म्हणून वाडकर. पहिला सिनेमा 'विजयाची लग्ने', १९३६. म्हणजे वय तेरा. पुढे बॉम्बे टॉकीजचा 'नवजीवन', मग 'प्रभात'. लग्न अल्पवयातच झालं, आणि संसाराचं ओझं तिच्या कामावर. १९५९ चा अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. पण त्या सिनेमातला जो फोटो गावोगाव गेला तो जयश्री गडकरांच्या लावणीचा. हंसाबाई त्यात आईच्या भूमिकेत होती. छत्तिसाव्या वर्षी भिंत बदलली.

आणि मग तिनं जे केलं ते आमच्या धंद्याच्या इतिहासात कुठल्याच तसबिरीनं केलं नव्हतं. ती बोलायला लागली. अरुण साधूंनी ऐकून शब्दांकन केलं, 'माणूस' साप्ताहिकात ते येत गेलं आणि १९७० साली राजहंस प्रकाशनानं त्याचं पुस्तक केलं. नाव सिनेमाचंच, 'सांगत्ये ऐका'. दारू, कोण कोण आयुष्यात आलं, मराठवाड्यातल्या एका गावी घरात बंद होऊन काढलेले दिवस, सगळं. कुठं रडगाणं नाही, कुणाला माफीही नाही. आमच्या वाचनालयात ते पुस्तक कधी जागेवर नसे. नावनोंदणी पुरुषांची, वाचायच्या घरातल्या बायका. ज्या बाया दुकानाच्या आतल्या बाजूला बघत नसत त्यांनी हे पुस्तक पीठ चाळता चाळता वाचलं. माझ्या आईनं वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "ती सखूची तसबीर कुणाकडे गेली रे?" पुस्तक आल्यानंतर दोनेक वर्षांतच हंसाबाई गेली.

१९७७ साली श्याम बेनेगलांनी त्यावर 'भूमिका' केला. मी तो बराच उशिरा पाहिला, व्हिडिओ कॅसेट भाड्यानं मिळायला लागल्यावर. बेनेगल, गिरीश कर्नाड आणि सत्यदेव दुबे यांची पटकथा, छायाचित्रण गोविंद निहलानींचं. हंसाबाईचं नाव बदलून उषा केलंय, पडद्यावरची उर्वशी. आजीकडे गाणं शिकणारी पोर, तिला सिनेमात घालणारा आणि नंतर तिचा नवरा होऊन तिच्या कमाईवर बसणारा केशव दळवी. अमोल पालेकर तिथं असा चिकट दिसतो की 'छोटी सी बात'मधला तो हाच का, असं वाटतं. आताचा काळ रंगीत आणि मागचा काळ कृष्णधवल, असा सिनेमा आलटून-पालटून चालतो. जुनं कृष्णधवल दिसलं की माझ्यासारख्याला आधी छपाई दिसते: शोकेसमधल्या फोटोंचा तो करडा, कडेला जरा पिवळा पडलेला रंग. निहलानींनी तो नेमका पकडलाय.

पुढे अमरीश पुरी तिला घरी नेऊन ठेवतो, त्या वाड्यातला भाग मला सगळ्यात जवळचा. तिथं तिला सगळं आहे. मान, दागिने, भरलं घर, अंथरुणाला खिळलेली पहिली बायको आणि एक मूल. फक्त दाराबाहेर जायचं नाही. गावोगाव ज्या चेहऱ्याला हवी ती भिंत मिळाली, त्या बाईला इथं उंबरा ओलांडता येत नाही. सुटायला शेवटी त्याच नवऱ्याला निरोप धाडावा लागतो आणि पोलीस आणावे लागतात. बेनेगलांनी पुस्तकातलं थोडंच घेतलंय. पण हा भाग घेतला, आणि घाई न करता घेतला.

अमेरिकेतही अशीच एक होती, बेटी पेज. जन्म १९२३ चाच, नॅशव्हिलचा. न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग क्लॉच्या दुकानातून तिचे फोटो टपालानं देशभर जात. जानेवारी १९५५ च्या 'प्लेबॉय'मध्ये ती मधल्या पानावर होती, आणि त्याच वर्षी सिनेटर कीफॉव्हर यांची समिती असल्या चित्रांची चौकशी करत होती. २००५ साली मेरी हॅरननं तिच्यावर सिनेमा केला, ग्रेचेन मोलला घेऊन. तोही बराचसा कृष्णधवल. फ्लोरिडाच्या समुद्रावर तेवढा रंग येतो. त्यात बेटी साक्षीला येते, समितीच्या दाराबाहेर बाकावर ताटकळत बसते, आणि आत तिला कुणी बोलावतच नाही. तिच्या फोटोंवर दिवसभर आत खल चाललेला. १९५७ च्या सुमारास तिनं हे काम सोडलं आणि धर्माकडे वळली. म्हातारपणी तिची कीर्ती पुन्हा उसळली तेव्हा तिनं मुलाखती दिल्या, पण चेहऱ्याचा फोटो काढू देईना. लोकांनी तसबिरीतलीच लक्षात ठेवावी, असं तिचं म्हणणं. तीही २००८ साली गेली. हंसाबाईनं बरोबर उलटं केलं: तसबीर गेली तर जाऊ दे, आता माझं ऐका. कुणाचं बरोबर, हे मी ठरवायला बसलेलो नाही. पण आपल्याकडच्या बाईला विचारायला एक साधू मिळाला आणि छापायला 'माणूस' मिळाला, याचा मला मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर जसबीर जैन आणि आमच्या शेजारच्या जळगावच्या शोभा शिंदे यांनी केलंय, तेही २०१३ साली. म्हणजे चाळीस वर्षं आपण ते जगाला सांगितलंच नव्हतं.

'भूमिका'साठी स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा ती जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची. शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची मुलगी, म्हणजे आमच्या तापीच्याच खालच्या अंगाची. गावात त्याचं कौतुक होतं. तसबिरीला मात्र मागणी नव्हती. सावळी, खादीची साडी, कपाळावर मोठं कुंकू. देवघराला ती चालत नव्हती आणि सलूनलाही नाही.

मग १९८१ साली 'चक्र' आला. झोपडपट्टीतल्या बाईची गोष्ट, त्यातल्या कामाचा तिला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि पोस्टरावर काय? उघड्यावर नळाखाली आंघोळ करणारी बाई. सिनेमात ते दृश्य झोपडपट्टीच्या रोजच्या जगण्याचा भाग म्हणून येतं. पोस्टरावर ते एकटंच उरलं. स्मितानं मुलाखतीत त्याबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. चार वर्षांपूर्वी जिनं तसबिरीतल्या बाईची गोष्ट पडद्यावर उभी केली तिलाच बाजारानं तसबिरीत बसवलं, तेही न विचारता. आमच्याकडे ते पोस्टर एका लूमवाल्यानं आणलं, भुसावळहून कुणाकडून तरी मिळवलेलं. चार घड्या पडलेल्या, एका कोपऱ्याला खळीचा डाग. तोवर आप्पांनी दुकान माझ्या हाती दिलं होतं. मी काही न बोलता माप घेतलं आणि आंब्याची पट्टी कापली. बोलून काय करणार, धंदा होता. लूमच्या धडधडीनं चुका ढिल्या होतात म्हणून दोन जास्त ठोकल्या, एवढंच.

१३ डिसेंबर १९८६ ला स्मिता गेली. तेव्हा त्याच लूमवाल्याची बायको साप्ताहिकाचं मुखपृष्ठ घेऊन आली. नुसता चेहरा, मोठं कुंकू, काळी कड. हार घालायला वर खिळा हवा म्हणाली, आणि पट्टी चांगली, सागवानीच. पैसे किती होतील विचारलं. मी सांगितले. जास्त आहेत म्हणाली. मी दोन रुपये कमी केले. जाताना तिनं विचारलं, कारखान्यातली ती दुसरी काढून आणली तर तिची काच परत घ्याल का? आम्ही वापरलेली काच घेत नसू. तिची घेतली.